दुसरा कान

हवाई दलाच्या त्या तळावर विमानांची मिजास फार. वैमानिक कँटीनमध्ये शिरला की रांग आपोआप बाजूला सरते आणि त्याचा चहा आधी येतो. पण धावपट्टीच्या मागे, जुन्या भांडारघराला लागून एक बैठी इमारत होती, तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. खिडक्यांना आतून जाड पडदे, दारावर पाटी नाही, आत बारा टेबलं आणि प्रत्येक टेबलावर एक हेडफोन. सरहद्दीपलीकडच्या विमानतळांवर कोण कुणाशी काय बोलतं ते ऐकायचं, आपल्या भाषेत कागदावर उतरवायचं आणि वर पाठवायचं, एवढंच तिथलं काम. ज्यांना हे काम हलकं वाटतं त्यांनी एकदा आठ तास कानात खरखर घेऊन बसून बघावं. नवव्या तासाला घरच्या माणसाचा आवाजही नकोसा होतो.

या खोलीचे कर्तेधर्ते मास्तर. हुद्द्यानं वॉरंट ऑफिसर, पण सत्तावीस वर्षं पोरांना परकी भाषा शिकवून आणि त्यांचे कागद लाल शाईनं रंगवून ते सगळ्या तळाचे मास्तर झाले होते. पलीकडचा माणूस दोन वाक्यं बोलला की तो डोंगरातला की नदीकाठचा, हे ते डोळे मिटून सांगत. बोलायची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती. बोलणार कुणाशी? खोलीचा पहिला नियमच होता, आपण फक्त ऐकायचं. आपण किती ऐकतो हे पलीकडे कळलं की आपलं दुकान बंद.

दुसरा नियम मास्तरांचा स्वतःचा होता. प्रत्येक टेप दोघांनी ऐकायची, एकमेकांचा कागद न बघता. दुसऱ्या माणसाला ते 'दुसरा कान' म्हणत. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. जुळले तर वर पाठवायचे, नाही जुळले तर पुन्हा टेप लावायची. आणि टेपवर जे ऐकू येत नाही ते, तुम्हाला कितीही ठाऊक असलं तरी, लिहायचं नाही. तिथं 'अस्पष्ट' लिहायचं आणि पुढे किती सेकंद ते घालायचं. "कागद टेपचा आहे, तुमच्या हुशारीचा नाही," हे मास्तरांचं वाक्य नव्या पोरांना पहिल्या आठवड्यातच पाठ होई.

मास्तरांचा लाडका दुसरा कान म्हणजे मैना. हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे. सहा वर्षांपूर्वी आली तेव्हा परक्या भाषेतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. आता कॉर्पोरल होती, सव्वीस वर्षांची, आणि मास्तरांच्या कागदात चूक काढायची हिंमत असलेली एकुलती एक. ऐकलेला आवाज ती जसाच्या तसा काढायची, म्हणून मैना.

पलीकडच्या सराव-तळावर टॉवरमध्ये एक म्हातारा नियंत्रक होता. शिकाऊ वैमानिकांना खाली उतरवणं हे त्याचं काम. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, खोलीनं त्याला 'अप्पा' करून टाकलं होतं. अप्पांना कधी सर्दी झाली, त्यांचा कुठला दात पडला, हे बारा जणांना त्यांच्या बोलण्यावरून कळायचं. एखादं पोरगं वर गडबडलं की अप्पा आधी म्हणायचे, "मूठ सैल कर, बाळा. मग वळ." हे वाक्य तिकडच्या कुठल्याही नियमपुस्तकात नव्हतं. दुसरा कुठलाही नियंत्रक ते म्हणत नसे. चहाच्या सुट्टीत मैना कप हातात घेऊन अप्पा व्हायची, आधी खाकरायची, मग ते वाक्य म्हणायची, आणि सगळे पोट धरून हसायचे. मास्तर हसू गिळून रागवायचे. "नकला पुरे. जिभेला वळण पडतं."

त्या महिनाअखेरीस मैनेचा सहा वर्षांचा करार संपत होता. पुढच्या वीस वर्षांसाठी तिनं अर्ज भरला होता आणि तो तळाच्या साहेबांच्या टेबलावर मास्तरांच्या शिफारशीची वाट बघत पडला होता. इकडे शहरातल्या एका कॉलेजानं तीच परकी भाषा शिकवायला तिला बोलावलं होतं. ही बातमी घरी पोचली आणि तिची आई, शाळांचे गणवेश शिवणारी, कामं बाजूला टाकून थेट तळाच्या फाटकावर येऊन उभी राहिली. भेटीच्या खोलीत तिनं मास्तरांना समोर बसवून घेतलं.

"तुमचा शब्द ती मोडत नाही म्हणे. मग जरा समजवा तिला. कॉलेजात मान आहे, सुट्ट्या आहेत, संध्याकाळी घरी येईल. इथं ती नेमकं करते तरी काय?"

काम सांगायला बंदी. मास्तरांनी बराच विचार करून सांगितलं, "ऐकायचं काम आहे, बाई."

"ऐकायचं? घरी तर कुणाचं ऐकत नाही."

 "बघतो, बोलतो तिच्याशी," असं पुटपुटून त्यांनी वेळ मारून नेली. पण मनातून ते शिफारस लिहायला उतावीळ झाले होते. अशी पोरगी वीस वर्षं मिळणार म्हटल्यावर मास्तर तिला कॉलेजात कशाला घालवतील?

या गोष्टीला दोन दिवस झाले असतील. सकाळचे दहा वाजले होते. ढग इतके खाली आले होते की धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. मैना हेडफोन लावून बसली होती. एकदम ताठ झाली आणि तिनं मास्तरांना हातानं बोलावलं. पलीकडचा एक शिकाऊ वैमानिक एकटाच ढगात अडकला होता. दिशा दाखवणारं यंत्र बंद पडलं होतं आणि तो अप्पांना हाका मारत होता. अप्पांचं उत्तर येत नव्हतं, कारण पोरगं वाट चुकून डोंगर ओलांडून अलीकडे आलं होतं आणि मध्ये डोंगर आडवा आल्यावर अप्पांचा आवाज पोचणार कसा?

तेवढ्यात आपल्या तळाच्या टॉवरमधून साहेबांचा फोन आला. "मास्तर, रडारवर एक परकं विमान आहे. आम्ही इंग्रजीत हाका मारतोय, तो समजत नाहीये की घाबरलाय कोण जाणे. असाच सरळ गेला तर सात मिनिटांत कड्यावर आदळेल. ताबडतोब इकडे या."

मास्तर आणि मैना धावतच टॉवरच्या पायऱ्या चढले. रडारवाला पडद्याला डोळे लावून बसला होता. साहेबांनी माइक मास्तरांच्या हातात दिला. "बोला. डावीकडे वळायला सांगा, मग खिंडीतून परत पाठवू. सरावाचं विमान आहे, शस्त्रं नाहीत. त्याला घरी जाऊ दे."

मास्तरांनी तोंड उघडलं. सत्तावीस वर्षं ज्या भाषेत त्यांनी माणसांची सर्दी-पडशी ओळखली होती, ती भाषा ओठांवर आली ती पुस्तकातल्या मजकुरासारखी, ताठ आणि थंड. त्यांनी सांगितलं ते सगळं बरोबर होतं. पण पोरगं गप्प झालं, आणि मग घाबऱ्या आवाजात विचारू लागलं, तुम्ही कोण, आमचे नियंत्रक कुठं आहेत. वळायचं नाव नाही. त्याला वाटलं, शत्रू भलतीकडे नेतोय.  त्यांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, आणखी ताठ.

"पाच मिनिटं," रडारवाला म्हणाला.

मास्तरांनी माइक मैनेपुढे धरला. यात मोठेपणा काही नव्हता, त्यांच्याजवळचे शब्द संपले होते. मैनेनं माइक घेतला आणि पोरग्याशी अशी बोलू लागली की जणू शेजारच्या घरातून हाक मारतेय. कुठं शिकतोस, सकाळपासून काही खाल्लंस का, डाव्या बाजूचा पंख खाली झुकलेला दिसतो का. पोरगं उत्तरं देऊ लागलं, पण वळेना. रडतच म्हणालं, हात ऐकत नाहीत. आणि तेव्हा मैना बोलून गेली, अप्पांच्याच ठेक्यात, "मूठ सैल कर, बाळा. मग वळ."

 रडारवरचा ठिपका हळूहळू डावीकडे सरकू लागला. पुढची बारा मिनिटं रडारवाला आकडे सांगत होता आणि मैना ते पोरग्याच्या गळी उतरवत होती. खिंड ओलांडल्यावर त्याचा सूर बदलला. त्याला अप्पा ऐकू येऊ लागले होते. मैनेनं माइक खाली ठेवला. साहेबांचा जीव भांड्यात पडला, रडारवाल्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. मास्तरांनी मात्र माइक बंद आहे ना ते तपासून पाहिलं. टॉवरमधल्या कुणालाच ती भाषा येत नव्हती. मैना काय बोलून बसली होती ते फक्त मास्तरांना कळलं होतं.

अप्पांचं खासगी वाक्य अप्पांच्या ठेक्यात म्हणणारी बाई सरहद्दीच्या अलीकडे आहे, हे ते पोरगं घरी पोचताच सांगणार होतं. म्हणजे हे लोक आपल्याला वर्षानुवर्षं ऐकताहेत, घरच्यासारखे ओळखतात, हे पलीकडे कळणार होतं. अशी चूक जगात दुसरा कुणी करू शकला नसता. भाषा कच्ची असलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य निघालंच नसतं.

दुपारी टेप ऐकायची होती. टॉवरच्या माइकला रेकॉर्डिंग जोडलेलं नव्हतं, टेप होती ती फक्त बैठ्या इमारतीतली. ही भाषा इतकी पक्की येणारी माणसं दोनच, म्हणून मैनेच्या आवाजाची टेप असूनही पहिला कान मास्तर आणि दुसरा कान मैना. मास्तर दार लावून बसले. आणि बघतात तो काय, नेमक्या त्या जागी दुसऱ्या कुठल्या तरी तळाचं बोलणं मध्ये घुसलं होतं. तीन सेकंद नुसती खरखर. मैनेचं वाक्य टेपवर नव्हतंच.

मास्तरांनी ती जागा सहा वेळा ऐकली. मग त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'अस्पष्ट, तीन सेकंद.' नियमाला धरून होतं. कागद टेपचा असतो. पोरीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे, वाक्य वर पोचलं नाही तर त्यावर कुणी बोट ठेवणार नाही. मास्तरांनी टोपण पेनाला लावलं तेव्हा त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा थोडा रागही आला.

मैना तिचा कागद घेऊन आली. दोन्ही शेजारी ठेवले. शब्द न् शब्द जुळला, 'अस्पष्ट, तीन सेकंद'सुद्धा. पण मैनेच्या कागदावर शेवटी एक रेघ मारलेली होती आणि रेघेखाली लिहिलं होतं: 'वरच्या तीन सेकंदांत मी जे बोलले ते टेपवर ऐकू येत नाही. मी बोलले ते असे.' पुढे अप्पांचं वाक्य, ते कोणाचं, किती वर्षं ऐकतोय, आणि खाली तिची सही.

"हा खालचा मजकूर काढ," मास्तर म्हणाले. "नियमात बसत नाही."

"म्हणून तर रेघेखाली लिहिलाय."

"मैने, सहा वर्षांवर पाणी पडेल. तुझा अर्ज तिकडे पडून आहे, कळतंय ना?"

"कळतंय, मास्तर. पण पलीकडच्यांना कळलं आणि आपल्याच लोकांना कळलं नाही, तर उद्या काय होईल? आपण जुन्या सवयीनं कान लावून बसू, आणि ते आपल्याला हवं ते ऐकवतील. आपण ते खरं म्हणून वर पाठवू. तुमची सही, माझी सही."

 आपण शिकवलेला नियम पोरीनं पाळला होता, आणि तो कशासाठी केला होता हे आपल्यापेक्षा तिला जास्त कळलं होतं. मास्तरांना तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदम. त्यांनी दोन्ही कागद एका लिफाफ्यात घालून वर पाठवले.

चार वाजता अप्पांच्या टॉवरची रेडिओ-लहर जागी झाली. अप्पांचा खाकरण्याचा आवाज आला. मग ते बोलू लागले, आणि खोलीतल्या बाराही माणसांच्या पेन्सिली थांबल्या, कारण अप्पा या वेळी इकडच्या भाषेत बोलत होते. मोडकंतोडकं, एकेक शब्द वेचत. "तिकडच्या मुलीला सांगणं. पोरगा घरी आला. त्याची आई इथं आहे. उपकार आहेत." थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला आणि मग लहर बंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं काहीच नव्हतं. त्यानंतरही कधी आलं नाही. अप्पा अकरा वर्षं मास्तरांच्या कानात होते. सख्ख्या भावाशीसुद्धा मास्तर इतकं नियमानं बसले नव्हते. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी साहेबांनी दोघांना बोलावलं. टेबलावर दोन्ही कागद आणि मैनेचा अर्ज होता. साहेबांनी आधी मास्तरांकडे बघितलं.

"तुम्ही टॉवरमध्ये तिच्या शेजारी उभे होता. तुम्हाला ते वाक्य ऐकू आलं होतं?"

कागद टेपचा असतो, असं म्हणता आलं असतं. साहेबांनी ते मानलंही असतं, मास्तरांची सत्तावीस वर्षं बेदाग होती. मास्तर म्हणाले, "आलं होतं, साहेब. लिहिलं नाही. नियमाच्या आड लपलो."

साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं. मग ते मैनेकडे वळले. "ते वाक्य तू विचार करून बोललीस?"

हो म्हणाली असती तर शौर्य ठरलं असतं. "नाही सर," मैना म्हणाली. "तोंडातून गेलं. दुसरं काही बोलले असते तर तो वळला नसता, हे मला मागाहून सुचलं. पण ते मागाहून."

साहेबांनी अर्ज पुढे ओढला. मग त्यांनी सांगितलं ते सरळ सांगितलं. त्या पोरग्याला वाचवल्याबद्दल शाबासकी, तिची नोंद होईल. पण तिचा आवाज आता पलीकडे ओळखीचा झाला आहे. त्या भाषेच्या टेबलावर तिला पुन्हा कधीही बसता येणार नाही. या महिन्यात दल सोडलं तर चांगल्या वर्तणुकीचं पत्र मिळेल आणि ती भाषा कॉलेजात खुशाल शिकवता येईल. राहायचं असेल तर दुसरी भाषा घ्यावी लागेल. अगदी मुळाक्षरांपासून, अठरा वर्षांच्या नव्या भरतीबरोबर, आणि बढती चार वर्षं थांबेल. आणि दलातल्या माणसाचा तो आवाज पलीकडे पुन्हा पोचता कामा नये, म्हणून वीस वर्षं त्या जुन्या भाषेतला शब्द बाहेर कुणाशी बोलायचा नाही, त्यात एक ओळसुद्धा लिहायची नाही.

"कुठली भाषा, सर?" मैनेनं विचारलं.

"सही केल्याशिवाय सांगता येत नाही."

मास्तरांना वाटलं, आता ही विचार करायला मुदत मागेल. मागायलाच हवी. ती सहा वर्षं त्या भाषेत उठली-बसली होती, तिच्यात स्वप्नं बघत होती, जगात तिला दुसरं इतकं काही येत नव्हतं. कॉलेजात तेच सगळं तिच्या हातात ठेवणार होते. मैनेनं मुदत मागितली नाही. तिनं खिशातून पेन काढलं, अर्जावर ज्या जागी सही हवी ती जागा साहेबांना विचारली आणि सही केली. अक्षर नेहमीसारखंच होतं, हे मास्तरांनी मुद्दाम बघितलं.

मास्तरांच्या सेवापुस्तकात त्या आठवड्यात पहिला शेरा पडला. त्यांनी तो वाचून खाली सही केली. त्याच दिवशी त्यांनी मैनेची शिफारस लिहिली, एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता.

महिनाअखेरीस मैनेची आई पुन्हा फाटकावर आली. मुलीची पेटी भाषाशाळेच्या वसतिगृहात पोचवायची होती. मास्तर भेटीच्या खोलीत गेले तेव्हा ती पेटीवर हात ठेवून बसली होती. या वेळी तिचा आवाज चढलेला नव्हता.

"तिनं काही चूक केली का हो, मास्तर? खरं सांगा."

"केली. मोठी केली."

"कुणी पकडली?"

"कुणी नाही. पकडता येण्यासारखी नव्हती. तिनंच लिहून दिली."

आईनं मान हलवली. हे तिला नवं नसावं. म्हणाली, "काल घरी आली होती, तेव्हा कपडे वाळत घालताना काहीतरी गुणगुणत होती. त्या तिच्या भाषेतलं. मध्येच थांबली. म्हटलं, गोड आहे की, म्हण ना पुढे. तर म्हणाली, आता नाही म्हणायचं. आणि दोरीपाशी नुसती उभी राहिली, हातात ओला टॉवेल घेऊन. इतकं जिवावर येतंय तर सही का केली तिनं? तुम्ही शिकवलंत तिला, तुम्हाला ठाऊक असेल."

काय सांगायचं? टॉवर सांगता येत नव्हता, पोरगं सांगता येत नव्हतं, अप्पा तर मुळीच नाही. मास्तर खिडकीपाशी गेले. बाहेर शिपाई फाटकाची दांडी वर करत होता.

"नाही ठाऊक, बाई," मास्तर म्हणाले. "सहा वर्षं शेजारी बसून नाही कळलं. एवढंच सांगतो, तिच्या जागी मी असतो तर मी कॉलेजात गेलो असतो."

 आई पदरानं चष्मा पुसता पुसता म्हणाली, "मीसुद्धा."

आणि पेटीची एक कडी तिनं उचलली, दुसरी मास्तरांनी.